शुगरच्या स्ट्रिप्सवर चिकटवलेली तारीख

घरात ग्लुकोमीटर असेल तर स्ट्रिप्सचं खोकं आणि आतली बाटली आज शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींवरचा बॅच नंबर आणि एक्सपायरी जुळायलाच हवी. आमच्याकडे जुळत नव्हती, आणि ते कळेपर्यंत आईच्या जिवावर बेतलं होतं.

आई इन्सुलिनवर आहे. स्ट्रिप्स नेहमी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून यायच्या. तिथला माल संपला म्हणून एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून मागवल्या. पन्नास स्ट्रिप्स, 1,850 रुपये एमआरपी खोडून 640 ला. कंपनी नेहमीचीच, खोक्याला सील. त्यानंतर उपाशीपोटी शुगर 230, 250 यायला लागली. डॉक्टरांना आकडे कळवले, त्यांनी डोस वाढवला. त्यांना दोष कसा देणार, त्यांच्यापुढे आमचेच आकडे होते.

एका दुपारी आई घामाने डबडबली, हात थरथरायला लागले, बोलताना जीभ अडखळू लागली. आमचं मशीन 154 दाखवत होतं. शेजारच्या काकू त्यांचं मशीन घेऊन धावत आल्या, त्यात 56, म्हणजे शुगर धोकादायक खाली गेलेली! आई गिळू शकत होती म्हणून लगेच साखरेचं पाणी पाजलं. हळूहळू तिला तरतरी आली. आम्ही 154 वर विश्वास ठेवून बसलो असतो तर काय झालं असतं, हा विचारही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रक्त दिलं आणि तिथेच बोटाला टोचून आमची स्ट्रिपही लावली. लॅब 131, स्ट्रिप 228. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ 15197 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शुगर 100 किंवा त्याहून जास्त असेल तर किमान 95 टक्के रीडिंग लॅबच्या आकड्यापेक्षा 15 टक्क्यांहून जास्त चुकता कामा नयेत. इथे तर जवळजवळ पाऊणपट फरक.

घरी येऊन खोकं उजेडात धरलं. एक्सपायरीचा कागद बाकीच्या छपाईपेक्षा किंचित जाड होता. नखाने कोपरा उचलला तर खाली आधीच उलटून गेलेली तारीख. बाटलीचा बॅच नंबर निराळाच, आणि आयातदाराचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर यांपैकी काहीही नाही. स्ट्रिपवर रक्तातल्या साखरेशी प्रक्रिया करणारं सुकवलेलं एन्झाइम असतं. दमट हवेने, उष्णतेने ते बिघडतं, मग मशीन बिनदिक्कत भलताच आकडा दाखवतं.

ऑनलाइन दुकानाकडे तक्रार केल्यावर उत्तर काय, तर ‘विक्रेता वेगळा आहे, परत करायची मुदत संपली.’ हे ऐकून घेऊ नका. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. आम्ही लेखी तक्रार केल्यावर पैसे परत आले, पण तो विक्रेता तिथे अजूनही माल विकतोय. माझा खरा संताप त्यावर आहे.

किमतीचंही तेच. 2021 च्या जुलैत एनपीपीए या औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने ग्लुकोमीटर, बीपी मशीन, पल्स ऑक्सिमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवरचा व्यापारी नफा 70 टक्क्यांवर बांधला होता. मशीन घरात एकदाच येतं. स्ट्रिप रोज जाते, काहींना दिवसातून तीनदा. स्ट्रिपच्या किमतीला खरा चाप बसला पाहिजे. ती महाग पडते म्हणूनच माणसं असल्या सवलतींकडे वळतात. आणि ऑनलाइन विकणाऱ्याला लायसन्स नंबर पानावरच दाखवायची सक्ती हवी, एक्सपायरी दाखवायची जी सक्ती 2020 च्या नियमांत आहे ती पाळली गेली पाहिजे.

तुमच्याकडे असा माल आला तर फेकू नका. खोकं, बाटली, बिल जपून ठेवा, सीलबंद दुसरं खोकं असेल तर उघडू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि महाराष्ट्र एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासन) 1800 222 365 वर तक्रार नोंदवा, नोंदणी क्रमांक मागून घ्या. आणि रीडिंग काहीही येवो, घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर दुसऱ्या मशीनवर लगेच तपासा आणि डॉक्टरांना फोन करा.