ऑक्टेनची ग्राफिक्स कार्डे: एसआय, एमएक्सआय आणि व्ही6, एका पावसाळ्यानंतर

चतुर्थीच्या तोंडावर माझ्या सिलिकॉन ग्राफिक्स ऑक्टेन या जुन्या वर्कस्टेशन संगणकाचा पडदा काळा पडला. सीरियल केबल जोडून ‘एचइन्व्ह’ ही यंत्रातील भागांची यादी दाखवणारी आज्ञा दिली, तेव्हा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यादीत दिसल्या. ग्राफिक्सचे मात्र नाव नव्हते. कार्ड होते व्ही6, ज्याच्यासाठी मी सर्वाधिक पैसे मोजले होते.

फोंड्यातील घरी मी या यंत्रावर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या प्रणालीच्या जुन्या आवृत्तीत मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाची प्रतिकृती करतो आहे. एसआय कार्डावर नुसत्या रेषांचा सांगाडा आणि साध्या छटा सुरेख फिरतात, पण त्यात टेक्स्चरची, म्हणजे पृष्ठभागावर चित्र चढवण्याची, सोय नसल्यामुळे भिंतीवर चुन्याचे छायाचित्र चढवले की सारे काम प्रोसेसरवर येते आणि चित्र अडखळते. एमएक्सआयमध्ये टेक्स्चरसाठी 4 एमबी स्मृती आहे. 1024 बाय 1024 ठिपक्यांचे 32 बिटांचे एकच चित्र हिशेबाने ती पूर्ण भरते, आणि मिपमॅपला, म्हणजे त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रतींना, आणखी तृतीयांश जागा लागते; म्हणून मी प्रत्येक मजल्याची चित्रे लहान करून घेतली. व्ही6मध्ये एकूण 32 एमबी असल्यामुळे ही काटकसर बरीच सुटली. व्ही8 म्हणजे तेच कार्ड, फक्त स्मृती 128 एमबी. भूमितीचा वेग हवा असेल तर व्ही10 किंवा व्ही12कडे जावे लागते.

पावसाळ्यापूर्वी कोणी विचारले असते, तर व्ही6च घ्या असे मी निःशंक सांगितले असते. आता माझे मत तसे राहिलेले नाही, आणि त्याला कारण एक्सआयओची, म्हणजे कार्ड यंत्राला जिथे जोडले जाते तिथली, जोडणी आहे. या जोडणीत नेहमीच्या पिना नसतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या अतिशय बारीक तारांचे झुबके समोरच्या सपाट पट्टीवर दाबले जातात. बोट किंवा फडके लागले की तारा वाकतात, आणि धूळ बसली की संपर्क तुटतो. म्हणूनच सुट्या कार्डावर प्लास्टिकचे टोपण असते. माझे कार्ड मुंबईच्या विक्रेत्याने टोपणाविना, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवले होते. भिंगाखाली पाहिले तेव्हा एका कोपऱ्यातील झुबका आडवा पडलेला होता आणि त्यात कागदाचा धागा अडकला होता. आपल्याकडच्या दमट हवेत तो धागा किती काळ ओल धरून बसला असेल! कोरड्या हवेच्या झोताने धागा काढला आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले, तेव्हा कार्ड पुन्हा ओळखले गेले.

विक्रेत्याचे म्हणणे असे की, माल विकताना चालू होता. मी छायाचित्रे पाठवली, पुष्कळ पत्रव्यवहार केला. शेवटी त्याने फक्त वाहतूक खर्च परत केला. एवढ्या किमतीच्या वस्तूला काही रुपयांचे टोपण न लावणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि त्याचा मला अजूनही संताप येतो.

जुन्या ऑक्टेनमध्ये व्ही मालिकेचे कार्ड बसवायचे असेल, तर वीजपुरवठा, फ्रंटप्लेन (यंत्राचे भाग एकमेकांना जोडणारा फलक) आणि आयरिक्स 6.5 या कार्यप्रणालीची उपआवृत्ती त्या कार्डाला चालते का, हे आधी तपासावे लागते. यातले काही बदलावे लागले, तर तो खर्च कार्डाच्या किमतीत धरलेला नसतो. त्यामुळे टोपणासह आलेले स्वच्छ एमएक्सआय मी टोपण नसलेल्या व्ही8पेक्षा सरस मानतो, आणि झुबक्यांचे जवळून घेतलेले छायाचित्र न देणाऱ्याकडून कार्ड घेत नाही.