कराराची ब्रॉयलर शेड: दरापेक्षा रिकामे दिवस मोजा

महूच्या अलीकडे आमची ५,००० ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची शेड आहे. उन्हाळा, पावसाळा, थंडी असे तिन्ही ऋतू एका कंपनीच्या कराराने काढले. इंदुरातले आपले बरेच लोक सध्या शेड टाकायच्या विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

पिल्लं, खाद्य, औषधं आणि सुपरवायझर कंपनीचे. शेड, तूस, वीज, पाणी, मजुरी आपली. सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या वर जातो आणि जिवंत वजनावर किलोमागे ग्रोइंग चार्ज मिळतो. बाजार कोसळला तरी ठरलेला दर मिळतो. लहान शेतकऱ्याला हा आधार फार मोठा आहे, आणि आम्हाला तो मिळाला.

पण जो तो दर विचारतो, एफसीआर (एक किलो वजनामागे किती किलो खाद्य लागलं ते) कुणी विचारत नाही. समजा १०,००० किलो माल निघाला आणि एफसीआर १.६ ऐवजी १.७ आला, तर १,००० किलो खाद्य जास्त लागलं. म्हणजे पन्नास किलोच्या २० गोण्या! ४० रुपये किलो धरा, ४०,००० रुपये झाले. आमच्या करारात याचा फटका थेट दरातून कापला जातो.

एफसीआर बराचसा पहिल्या आठवड्यातच ठरतो. डिसेंबरच्या रात्री ब्रूडिंगला (पिल्लांना दिव्याची ऊब द्यायला) दोनदा उठावंच लागतं. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली असतील तर गारठलीत; कडेला पळून चोची उघडून बसली तर ऊब जास्त. सारखी पसरून खात असतील तरच परत झोपायला जावं. मजुरावर हे सोडू नका.

आता खरी तक्रार. इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे इंदुरात मागणी दीड महिना मंद असते. त्या सुमारास कंपनी पिल्लं टाकणं लांबवते. शेड रिकामी, कर्जाचा हप्ता मात्र चालू. पडत्या भावाची झळ कंपनी सोसते हे खरं, पण रिकाम्या शेडची झळ पूर्ण आपल्यावर येते आणि करारात तिचा उल्लेखही नाही. वर्षात सहा बॅचच्या जागी चार झाल्या, तर चांगला दरही हप्त्याला पुरत नाही.

नव्या करारात दोन बॅचमधलं जास्तीत जास्त अंतर लिहून मागितलंय. सुपरवायझर म्हणतो, वर विचारून सांगतो. ते कागदावर येईपर्यंत दुसरी शेड बांधणार नाही.