स्टार्टअपच्या वकिलीसाठी एलएलएम: पवई, मुंबई विद्यापीठ की न्यूयॉर्क?

ठाण्यात किंवा ऐरोलीत राहून एलएलबी केलेल्या आणि स्टार्टअपच्या वकिलीत उतरू पाहणाऱ्या मुलांना एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, कुठे करायचं हा प्रश्न पडतोच.

न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटावर कॉर्नेल टेकचा, म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाच्या तंत्रज्ञान संकुलाचा, एक वर्षाचा एलएलएम अभ्यासक्रम आहे. कायदा, तंत्रज्ञान आणि उद्योजकता हे तिन्ही शब्द त्याच्या नावातच आहेत. तिथे वकिलीचे विद्यार्थी इंजिनीअर आणि एमबीएवाल्यांसोबत एका गटात उत्पादन घडवतात. संस्थापकांत शेअर कसे वाटायचे, पेटंट कोणाच्या नावावर, ग्राहकांचा डेटा किती घ्यायचा, हे सगळं करार लिहायच्या आधीच अंगावर येतं. आपल्याकडच्या वर्गात हा अनुभव क्वचितच मिळतो. पण फी आणि राहणं धरून खर्च कोटीच्या घरात जातो. त्यानंतर अमेरिकेत काम करायची मुभा कायद्याच्या पदवीवर साधारण एकच वर्ष. मुंबईच्या पगारात त्यासाठी काढलेलं कर्ज फेडणं फार जड जाईल. परदेशी गुंतवणूकदारांचंच काम करायचं असेल किंवा शिष्यवृत्ती हातात असेल, तरच जावं असं मला वाटतं.

पवईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात एक वर्षाच्या एलएलएमला क्लॅट, म्हणजे या विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा, देऊन जाता येतं. ऐरोलीहून पूल ओलांडला की पवई फार लांब नाही. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2013 च्या चौकटीत एक वर्षाचं एलएलएम 24 क्रेडिटचं. त्यातले 9 सक्तीच्या विषयांना, 12 ऐच्छिक विषयांना आणि 3 प्रबंधाला. म्हणजे तुमचं खरं स्पेशलायझेशन ऐच्छिक विषय आणि प्रबंध यांवर ठरतं. प्रवेशाआधी त्या वर्षीचे ऐच्छिक विषय मागून घ्या आणि मार्गदर्शक कोण असेल ते विचारा. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यावर प्रबंध लिहायला याहून जवळचं क्षेत्र कुठलं?

मुंबई विद्यापीठाचं एलएलएम दोन वर्षांचं, प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून. खर्च या तिघांत सर्वांत कमी. नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापक व्हायचं असेल तर मी हेच सुचवेन.

आणि नोकरी सोडणं शक्यच नसेल, तर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा सायबर कायद्यातला दूरस्थ पदव्युत्तर डिप्लोमा पाहा. तो एलएलएमच्या तोडीचा धरला जात नाही, पण कंपनीच्या लीगल विभागात काम करणाऱ्याला रोज उपयोगी पडेल.