भरलेली मेमरी आणि अडकलेली मेमरी : कणकवलीतील सर्व्हर-तपासणी सेवेचा अनुभव

देवगड तालुक्यात आमचे हापूसचे पॅकिंग हाऊस आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांत ऑर्डरी घेणे, प्रत्येक पेटीचा फोटो जतन करणे आणि कुरिअरसाठी लेबल छापणे ही सगळी कामे कार्यालयातल्या, लिनक्स या संचालन प्रणालीवर चालणाऱ्या, एकाच सर्व्हरवर चालतात. हा सर्व्हर दोन हंगाम आम्हाला छळत होता. त्याचे दुखणे शेवटी कणकवलीहून आलेल्या एका स्वतंत्र अभियंता बाईंनी दोन दिवसांत शोधून काढले. त्यांच्या सेवेविषयी हे सविस्तर लिहीत आहे, कारण असाच सर्व्हर चालवणारे बागायतदार, लॉजवाले आणि पतसंस्था आपल्याकडे बऱ्याच आहेत.

आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. पूर्वी देखभाल करणाऱ्या संस्थेने (तिचे नाव येथे घेत नाही) मोकळी मेमरी ३०० एमबीच उरल्याचे दाखवून ८ जीबीची रॅम १६ जीबी करायला लावली. काही आठवडे ठीक गेले आणि अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत लेबलचा प्रोग्रॅम पुन्हा बंद पडला. मग त्यांनी रोज पहाटे डिस्क कॅश (डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या रॅममध्ये ठेवलेल्या प्रती) रिकामी करणारी आज्ञा लावून दिली. त्याने बंद पडणे थांबले नाही. उलट सकाळचा पहिला तास जुने फोटो आणि नोंदी उघडायला जास्त वेळ लागू लागला. पुढचा सल्ला ३२ जीबीचा होता.

कणकवलीच्या बाईंनी आल्यावर कशालाही हात लावला नाही, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरूही केला नाही. त्यांनी मेमरीचा हिशेब दाखवणारी ‘फ्री’ ही आज्ञा दिली आणि मला शेजारी बसवून आकडे वाचायला सांगितले. एकूण १५.८ जीबी, वापरात ५.१, मोकळी ०.३, बफर व कॅश मिळून १०.४ आणि शेवटच्या ‘अव्हेलेबल’ रकान्यात सुमारे १०. “काका, ही दहा जीबी संपलेली नाही, रिकामी पडून राहण्याऐवजी कामाला लावलेली आहे,” असे त्या म्हणाल्या. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल लिनक्स रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतो, म्हणजे पुन्हा मागितल्यास डिस्कपर्यंत जावे लागत नाही. आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की हीच कॅश मागे सरते. उन्हाळ्यात आपल्या खळ्यात आमसुले वाळत घातलेली असतात, पण घरात लग्न निघाले की ती आवरून मांडव घालता येतो, तसेच हे आहे. खळे भरलेले दिसते म्हणून कोणी शेजारची जमीन विकत घेत नाही, आणि आम्ही मात्र तेच करायला निघालो होतो.

‘अव्हेलेबल’, म्हणजे प्रोग्रॅमना खरोखर मिळू शकणारी मेमरी, हा आकडा लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ३.१४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून उपलब्ध आहे. त्याआधी लोक मोकळी मेमरी आणि कॅश यांची बेरीज करत, पण ती बेरीज फसवी ठरू शकते, कारण रॅममध्येच वसलेल्या तात्पुरत्या फाइली आणि प्रोग्रॅमनी आपसांत वाटून घेतलेली मेमरी यांची गणना कॅशमध्येच होते आणि ती मागितल्याबरोबर सोडता येत नाही. हा बारकावा त्यांनी न विचारता सांगितला, त्यावरून बाईंना विषय किती पक्का ठाऊक आहे ते मला कळले.

परंतु कॅश निर्दोष आहे एवढे सांगून त्या परत गेल्या असत्या, तर आमचा प्रश्न तसाच राहिला असता. कर्नलच्या नोंदवहीत मेमरी संपल्यामुळे लेबलचा प्रोग्रॅम मारल्याची नोंद त्यांना सापडली होती, आणि केवळ कॅशने अशी वेळ येत नाही. म्हणून त्यांनी दोन दिवस, दर दहा मिनिटांनी, कॅश, प्रोग्रॅमनी स्वतःसाठी घेतलेली मेमरी, स्वॅपची (रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेची) ये-जा आणि प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा हिस्सा यांची नोंद ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी जो आलेख काढून दाखवला, तो या सेवेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. रात्री दोन वाजता बॅकअप सुरू होतो आणि हजारो फोटो वाचले जातात. त्या वेळी कॅशची रेघ सरळ वर चढली होती, पण लेबलच्या प्रोग्रॅमची रेघ जागची हलली नव्हती. दिवसा ऑर्डरी येऊ लागल्या की ही दुसरी रेघ पायऱ्या चढल्यासारखी वाढत होती, दर ऑर्डरीमागे साधारण दोन एमबी, आणि काम थांबले तरी खाली येत नव्हती. दिवसाला ४०० ऑर्डरी धरल्या तर ८०० एमबी रोज अडकत होते. रॅम दुप्पट केल्याने काही आठवडे बरे का गेले, हेही त्यातून उलगडले : भरायला जागा जास्त मिळाली, एवढेच.

माझ्या समाधानासाठी त्यांनी एकदा, आधी डिस्कवर लिहायचे राहिलेले सगळे लिहवून घेऊन, कॅश रिकामी करून दाखवली. कॅशचा आकडा जवळपास ६०० एमबीवर आला. लेबलच्या प्रोग्रॅमचा आकडा तसूभरही बदलला नाही. ही आज्ञा अशा प्रात्यक्षिकापुरती ठीक, रोजचा उपाय म्हणून नव्हे, असे सांगून त्यांनी पहाटेची ती जुनी व्यवस्था काढून टाकली.

मी घाईने याला ‘मेमरीची गळती’ म्हटले तेव्हा त्यांनी थांबवले. सुरुवातीला प्रत्येक प्रोग्रॅम थोडा फुगतो, आणि काही प्रोग्रॅम काम संपल्यावरही घेतलेली मेमरी पुढच्या वापरासाठी स्वतःकडे राखून ठेवतात. ती वाढ एका पातळीवर येऊन थांबते. म्हणून त्यांनी शंभर नमुना ऑर्डरी तीन वेळा पाठवल्या. तिन्ही वेळा वाढ जवळपास सारखीच झाली, तेव्हाच त्यांनी गळतीचे निदान केले. (मला स्वतःला हा मराठी शब्द नीट वाटत नाही. येथे काहीच गळून जात नाही. उसने घेतलेले परत दिले जात नाही, हे खरे दुखणे.) प्रोग्रॅम पायथन भाषेतला असल्याने त्या भाषेसोबतच येणाऱ्या ‘ट्रेसमॅलॉक’ या साधनाने नेमकी ओळ सापडली. लेबल पुन्हा छापावे लागले तर हाताशी असावे म्हणून प्रत्येक लेबलाचे चित्र एका यादीत ठेवले जात होते आणि तेथून ते कधीच काढले जात नव्हते. आता त्या यादीत शेवटची ५० लेबलेच राहतात. दुरुस्तीनंतर पूर्ण एप्रिल तो प्रोग्रॅम ३५० एमबीच्या आसपास स्थिर राहिला, सर्व्हर एकदाही पुन्हा सुरू करावा लागला नाही आणि रॅमही १६ जीबीच आहे.

दोन दिवसांचे ७,५०० रुपये आणि प्रवासखर्च वेगळा, हे शुल्क मला रास्त वाटते. ३२ जीबीचा खर्च वाचला हे वेगळेच. उणिवा दोन आहेत. लेखी अहवाल इंग्रजीत मिळाला, त्यामुळे कार्यालयातल्या मुलांना तो मला समजावून सांगावा लागला, आणि रात्रीच्या वेळी फोनवर मदत मिळत नाही, जी हंगामात लागतेच. मेमरी ठरावीक पातळीखाली गेल्यास संदेश येण्याची सोय मूळ कामात नव्हती, पण विनंती केल्यावर त्यांनी ती ‘अव्हेलेबल’ रकान्यावरच बसवून दिली.

ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी ती फेब्रुवारीतच ठरवावी, कारण पुढे पेट्या भरायच्या दिवसांत दोन दिवस निरीक्षणाला देणे जड जाते. आणि बाई येण्यापूर्वी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करू नये. आम्ही नेमके तेच करणार होतो, आणि तसे केले असते तर तोवर साचलेला पुरावा पुसला गेला असता.