वन-पीस की टँकिनी? ट्रान्स स्त्रियांनी पोहण्याचा कॉस्च्युम निवडताना

पहिलाच कॉस्च्युम घेताना निवड बहुतेक दोन प्रकारांत होते: स्कर्टवाला वन-पीस, किंवा टँकिनी, म्हणजे कमरेखाली येणारा टॉप आणि वेगळा स्कर्ट-शॉर्ट. आमचा कौल टँकिनीला आहे, आणि त्याचं मुख्य कारण माप.

वन-पीस छाती-कंबरेच्या मापावर घेतला की हमखास फसतो. धड लांब असेल तर कापड उभं ताणलं जातं. पट्टे खांद्यात रुततात, गळा खाली उतरतो आणि जांघेतला भाग वर ओढला जाऊन टकिंग, म्हणजे लिंग-वृषण मागे दाबून पुढचा भाग सपाट ठेवणं, सरकतं. म्हणून टेप खांद्याच्या मध्यावरून पुढून खाली, पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यावर आणा. हे माप तक्त्यातल्या ‘टॉर्सो’च्या मापाशी ताडून पाहा. तक्त्यातलं माप तुमच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटरने कमी पडत असेल तर तो कॉस्च्युम सोडून द्या. एक साइझ मोठा घेतला तर लांबी साधते, पण कंबरेत ढगळ होतो. टँकिनीचे दोन भाग सुटे मिळत असतील तर वर एक्सएल आणि खाली एम असंही घेता येतं.

दुसरा फरक लघवीला जाताना कळतो. वन-पीस ओला असताना पूर्ण उतरवावा लागतो, मग गॅफ (टकिंग जागेवर धरणारी घट्ट चड्डी) आणि टकिंग पुन्हा पहिल्यापासून. त्या कटकटीपायी अनेकजणी पाणीच पीत नाहीत. गोव्याच्या उन्हात हे फार वाईट.

गॅफ दोन्हींत आतून लागतोच. तो नायलॉन-स्पॅन्डेक्सचा हवा. सुती गॅफ पाणी शोषून सैल पडतो. चिकटपट्टी लावून पाण्यात उतरू नका: ती सुटते आणि कातडी सोलवटते. दुखलं किंवा बधिर वाटलं तर गॅफ लगेच काढा. एरवीही पोहणं झालं की काढून अंग कोरडं करा, नाहीतर जांघेत बुरशी धरते.

दिसण्यात मात्र वन-पीसची बाजू थोडी वरचढ आहे. पोटावरच्या चुण्यांनी कंबर छान उठून दिसते. खांदे रुंद वाटत असतील तर व्ही गळा आणि रुंद पट्टे घ्या. मानेमागे बांधायचा हॉल्टर खांदे उघडे टाकतो, त्यामुळे नजर तिथेच जाते. हॉर्मोन्समुळे छाती हुळहुळी असेल तर तारेचा कप नको. स्पंजचे पॅड पाणी पिऊन लोंबतात. सिलिकॉनचे फॉर्म, म्हणजे छातीच्या आकाराचे कृत्रिम स्तन, टिकतात, पण त्यांना चारी बाजूंनी बंद खिसा लागतो. टँकिनीच्या टॉपला तो टेलरकडून सहज शिवून मिळतो.

केस काढण्याचं लेझर नुकतंच झालं असेल तर पूर्ण बाह्यांचा, लेगिंगवाला सूट उन्हापासून वाचवतो. फक्त वर स्कर्ट जोडलेला असू द्या. खालच्या भागाची शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनने हो म्हणेपर्यंत पाण्यात उतरू नका.

नियमित तलावावर जाणार असाल तर पॉलिस्टर-पीबीटीचं कापड घ्या. क्लोरीनने स्पॅन्डेक्स लवकर ढिला पडतो, आणि ढिल्या कॉस्च्युममध्ये टकिंग टिकत नाही. घेतल्यावर घरीच न्हाणीत भिजवून, दोन्ही हात वर करून, वाकून आणि उकिडवं बसून पाहा.