दोरी की स्लिंकी?

भाची नववीत आहे. वर्गात तरंग करून दाखवायचेत. "आत्या, दोरी नेऊ की स्लिंकी (लांब, लवचीक स्प्रिंगचं खेळणं) मागवू?" मी दोन्ही घरात करून पाहिलं.

दोरी फुकटात पडते. वाळत घालायची सुती, जाडसर दोरी खिडकीच्या गजाला बांधायची आणि दुसऱ्या टोकाला मनगटाने एकच झटका द्यायचा. उंचवटा सरसर गजापर्यंत जातो आणि उलटा होऊन परत येतो. मधे लाल रिबीन बांधली तर ती जागच्या जागी वरखाली होते, पुढे सरकत नाही. म्हणजे प्रवास करते ती ऊर्जा, दोरी नव्हे! पण हे फक्त अवतरंग, म्हणजे तरंग पुढे जातो आणि दोरी त्याला आडवी, वरखाली हलते.

स्लिंकीला पैसे पडतात, पण तिच्यात तरंगांचे दोन्ही प्रकार दिसतात. फरशीवर ताणून आडवी हलवली की अवतरंग. लांबीच्या दिशेने ढकलली की वेटोळी दाटतात, विरळ होतात, आणि तो दाटपणा पुढे धावतो. हे अनुतरंग. हवेतून आवाज असाच येतो, सेकंदाला साधारण 340 मीटरने.

टिकाऊपणात मात्र स्लिंकी रडवते. जास्त ताणली की वाकते, गुंतली तर सोडवताना जीव जातो. प्लॅस्टिकची तर घेऊच नये, धातूचीच घ्यावी. शिवाय दोन माणसं लागतात.

मागच्या बाकापर्यंत दिसायला हवं आणि विषय फक्त उंचवटे-खळगे एवढाच असेल, तर दोरी. आवाज किंवा भूकंपाच्या लहरी समजवायच्या असतील, तर स्लिंकीच. भाचीचा विषय आवाज आहे, तेव्हा मागवली.