वणीतलं इन्कम टॅक्स रिटर्न भरून देणारं दुकान, ड्रायव्हर लोकांसाठी एकदम कामाचं

रिटर्न भरून देणारे वणीत लय आहेत पण इथले भाऊ आधी पगाराची स्लिप मागतात अन् भत्ता कोणता ते पाहतात. कोळशाच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर असाल, मालक रोजचा दैनिक भत्ता देत नसेल, तर ड्युटीवरच्या खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्यातले 70 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये (ही मर्यादा मार्च 2026 पर्यंतच्या पगारासाठी), टॅक्समधून सुटतात, पण टॅक्सची जुनी पद्धत (ओल्ड रेजीम) निवडली तरच, नवीनमध्ये ही सूट नाही, म्हणून भाऊ दोन्ही हिशेब कागदावर मांडून समजेपर्यंत सांगतात. फी वाजवी आहे. जुलैत मात्र गर्दी लय, अजून एक पोरगा ठेवाले पाहिजे. नागपूर-रायपूर लाईनवरच्या पोरांनी स्लिप घेऊन नक्की जा, हे कोणी सांगूनच नाही राहिलं.